वेलींनी ओळखलेला शत्रू

शत्रू ओळखणं ही निसर्गाने वेलींना दिलेली थोर देणगी आहे. ही देणगी वाढवून भुरी नावाची बुरशी रोखावी, म्हणून दादासोंनी द्राक्षबागेत नवं औषध फवारलं. भुरी आली नाही. पण दादासो ज्या पानाला हात लावत, ते दुपारपर्यंत काळं पडून गळे.

"मी धरलेलं पान बघा, हिरवंगार," त्यांची बायको म्हणाली. "वेली तुम्हालाच वळखायला लागल्यात. बागंत पाऊल टाकू नका."

अठरा वर्षं जपलेली बाग दादासो बांधावरून, तळहात खाजवत बघत राहिले. त्यांनी हात पुढे केला, की वारा नसताना पानं मागे सरत.

खाज असह्य झाली, तेव्हा ते डॉक्टरांकडे गेले.

"नायटा," डॉक्टर म्हणाले. "मलम देतो. साधी बुरशी आहे."