दहा लाख एक

सातवीच्या वर्गात मूळ संख्या शिकवताना मी फळ्यावर १०,००,००१ लिहिलं आणि ठोकून दिलं, "हिला कशानेच भाग जात नाही."

"मॅडम, एकशे एकने जातो." वर्षभरात कधी तोंड न उघडलेली, खिडकीजवळची मुलगी उभी राहून म्हणाली.

वर्ग फिदीफिदी हसला आणि माझं डोकं फिरलं. "फार शहाणी झालीस? जा, बाहेर उभी राहा." तास संपेपर्यंत ती दाराबाहेर मान खाली घालून उभी होती.

संध्याकाळी घरी वह्या तपासताना सहज भागून पाहिलं. एकशे एकने भागल्यावर आले ९९०१, बाकी शून्य. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि सगळ्यांसमोर गुणाकार करून दाखवला. म्हटलं, "माझं चुकलं, बाळा. तुझंच बरोबर होतं. आता तूच सांग वर्गाला, एकशे एकने भाग जातो की नाही?"



तिने फळ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या चेहऱ्याचा अंदाज घेत हळूच म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, मॅडम."