शंभराव्या वर्षापर्यंत

मृदुलाने पुन्हा कमांड टाइप केली. पृथ्वीवर यंदा या तारखेपासून त्या तारखेपर्यंत भाऊबीज कधी येते, एवढंच तिला विचारायचं होतं. काळ्या पडद्यावर पुन्हा तेच उमटलं : ‘ताई, एवढ्या पुढचं मला विचारू नकोस.’

ती या यानातून ताऱ्यांकडे निघाली तेव्हा पंचांगाचा हा प्रोग्राम तिच्या धाकट्या भावाने, उपेंद्रने, करून दिला होता. चुकीच्या तारखेसाठीचं हे वाक्यही त्याचंच.

तिने दिवस-महिन्याची अदलाबदल केली, वर्ष आधी टाकून पाहिलं. शेवटी वैतागून प्रोग्रामच उघडला. त्यात तारखांना मर्यादा घातलेली होती : उपेंद्रच्या शंभराव्या वाढदिवसापर्यंत. दर भाऊबीजेला ती ओवाळताना म्हणायची, ‘शंभर वर्षं जग रे बाबा.’ पठ्ठ्याने तेवढीच मोजून घेतली होती.

यानाच्या वेगामुळे आत एक वर्ष सरेपर्यंत पृथ्वीवर बारा दिवाळ्या होऊन जात. हे तिला ठाऊक होतं. पण ती ज्याला ओवाळायची तो फोटोतला उपेंद्र तिशीतच राहिला होता.

मर्यादा वाढवायला क्षणही लागला नसता, पण तिचा हात धजावला नाही. तिने निघण्याआधीच्या वर्षाची तारीख टाकली. प्रोग्रामने मुकाट भाऊबीज सांगितली आणि खाली बीजेची चंद्रकोर काढली.

भाऊ नसलेल्या बाईने चंद्राला ओवाळावं, असं आई सांगायची. यानात ज्योत लावायला बंदी होती, म्हणून मृदुलाने ताटात बारकी बॅटरी लावून ठेवली. मग ते ताट फोटोसमोरून पुढे नेलं आणि पडद्यावरच्या कोरीला ओवाळलं.