जाड भाजणी

गोदूआजीनं सोऱ्याचा दांडा दोन्ही हातांनी आवळला, तरी चकली काही बाहेर येईना. एरवी तिनं सोऱ्या फिरवला की चकली खिडकीतून निघून थेट शेजारच्या आळीतल्या कढईत पडायची!

“आई, यंदा दिवाळीला चकल्या विकतच्याच आणते,” सून म्हणाली.

“विकतच्या? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही! त्या शिवा गिरणीवाल्यानं भाजणी जाड दळलीय.”

डॉक्टरकी शिकणारी नात हसली. “आजी, भाजणी बारीकच आहे. वय झालं की स्नायू गंजतात गं. प्राणवायूच्याच ठिणग्या उडतात आत. तरुणपणी शरीर त्या पटापट विझवतं, पुढे ते काम मंदावतं.”

“मग काय श्वास घेऊ नको?”

“श्वास घे, पण अंगमेहनतही कर. विझवायची ताकद वाढते.”

“मला कुठला वेळ! गिरणीत जायचंय भांडायला.”

दसऱ्यापासून आजी रोज भाजणीचा जड डबा कडेवर घेऊन गिरणीचा चढ चढायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. सगळे शिवाला सामील! “जाड आहे, पुन्हा दळ!” ती शिवाला दटावायची. पण नातीनं शिवाला पढवून ठेवलं होतं. तो गिरणी रिकामीच घरघरवायचा आणि तेच पीठ परत द्यायचा.

धनत्रयोदशीला सोऱ्या असा गरगरला, की ताटं पुरवता पुरवता सुनेला धाप लागली.

“आजी, गंज उतरला वाटतं,” नात म्हणाली.

“उतरणारच! रोज जाऊन भांडले, तेव्हा कुठे मेल्यानं गिरणी साफ केली.”