दहावा प्रश्न

“नववा,” मैत्री म्हणाली. “पाऊस आला की मूल घाबरतं का?”

“घाबरतीस की.”

“‘कधीकधी’वर खूण करते.”

“कर.”

शाळेच्या व्हरांड्यात मायलेकी भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. भिंतीवर कमरेइतक्या उंचीला पुराची मातकट रेघ अजून होती. फॉर्म पालकांनी भरायचा होता. पण कस्तुराला वाचता येत नव्हतं, आणि रेशनपासून दवाखान्यापर्यंत घरातला प्रत्येक कागद सातवीतली मैत्रीच भरायची. हाही तिनंच भरला. स्वतःबद्दलचा.

“झालं. सही कर.”

कस्तुरानं पेन घेतलं. सही तिला येत होती आणि आकडे येत होते. चाकणच्या कंपनीत ती पॅकिंगला होती. खोक्यावरचा आकडा चिठ्ठीवरच्या आकड्याशी जुळला नाही तर माल परत येतो. तिचं बोट कागदावरून खाली गेलं. नऊच्या खाली दहा होता. त्याच्यापुढं खूणही केलेली होती.

“हा वाचला नाहीस.”

“तो शाळेचा आहे, आपला नाही.” मैत्रीनं कागदाकडे पाहिलं नाही. “कर ना सही. शिफ्ट चुकेल तुझी.”

कस्तुरानं सही केली.

पूर येऊन तीन आठवडे झाले होते. सांगवीच्या चाळीत नदीचं पाणी शिरलं तेव्हा घरात मैत्री आणि खाटेला खिळलेली आजी अंबुबाई, दोघीच होत्या. मैत्री वरच्या मजल्यावर पोचली. अंबुबाई खाटेवरच राहिल्या. आता मुलांशी बोलायला समुपदेशक योगिनी मॅडम शाळेत येणार होत्या, आठवड्यातून एक दिवस. मुलं दोनशे, मॅडम एक. कुणाला आधी बोलवायचं आणि कुणाला बोलवायचंच नाही, ते या फॉर्मवरून ठरणार होतं.

कस्तुरा वर्गात, फॉर्म घेणाऱ्या मॅडमपुढच्या रांगेत उभी राहिली. बाहेरून चाळीतल्या चिमाबाईचा आवाज आला.

“ए मैत्री, आमचा बी भर गं. नातवाचा हाय.”

चिमाबाईनं वीस वर्षं प्रेस मशीनवर काढली होती आणि कान तिथंच ठेवून आली होती. मैत्रीला एकेक प्रश्न ओरडून वाचावा लागत होता. उघड्या खिडकीतून सगळं आत येत होतं.

“जेवण नीट करतो का?”

“करतोय? टोपलं लपवून ठेवावं लागतंय भाकरीचं.”

रांगेतल्या बायका हसल्या. एकेक करत नववा झाला. मग मैत्रीचा आवाज एकदम खाली गेला.

“काय म्हनलीस? मोठ्यानं बोल की. तोंड धरलंय का कुनी तुझं?”

मग मैत्रीनं वाचलं, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून.

“‘मी जगून काय उपयोग’, असं मूल कधी म्हणालं आहे का?”

“न्हाई बाई. असलं काय बी बोलत न्हाई आमचं पोरगं. न्हाई लिही.”

रांगेत आता कुणी हसत नव्हतं.

कस्तुराचा नंबर आला होता. योगिनी मॅडमनी हात पुढं केला. कागदाचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं कस्तुराच्या.

“सोडा ना, ताई.”

कस्तुरानं सोडलं नाही.

“दहाव्याला कशावर खूण हाय?”

मॅडमनी मान वाकवून पाहिलं. “‘नाही’वर.”

“म्हणाली होती.” खिडकीबाहेर जाऊ नये म्हणून कस्तुरानं आवाज घशातच धरला होता. “सासूबाईच्या तिसऱ्या दिवशी. मीच दटावलं. म्हणलं, गप बस, पुन्हा असं तोंडातून काढलंस तर बघ.”

मॅडमनी टेबलावरचं पेन उचललं. कस्तुरानं ते त्यांच्या हातातून घेतलं.

“‘हो’ कुठं लिहिलंय, तेवढं दाखवा.”