चाकामागचा मारुती

जुना ट्रॅक्टर घेताना हेमराजनं इंजिनाचा आवाज तेवढा ऐकला. “हॅन्डब्रेक नाही, चढावर चाकामागं हा लावजा,” म्हणत विकणाऱ्यानं एक काळा दगड दिला. जामसांवलीच्या मारुतीपुढं ट्रॅक्टरची पूजा झाल्यावर मायनं त्याच दगडाला शेंदूर फासून शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, मारुती म्हणून बसवला. आज संत्र्यांची ट्रॉली ओढताना ट्रॅक्टर चढावर बंद पडला. गिअर ठरेना, मागं विहीर. हेमराज ब्रेकवर उभा राहून धुऱ्याजवळच्या मायकडं बघत ओरडला, “माय, दगड आन!” काळ्या मातीच्या रानात दुसरा दगड नव्हताच. माय घुटमळली. “देवाले चाकाखाली कसा घालू रे?” “पाय थरथरून राहिले माय!” तिनं मारुती उचलून चाकामागं टेकवला. “आता हट तिथून!” “थांब, माफी तं मागू दे देवाची,” म्हणत ती चाकामागंच डोळे मिटून, हात जोडून बसली. दगड टिकतो की नाही, हे ब्रेकवरचा पाय उचलल्याशिवाय कळणार नव्हतं.