कुंकवाचं बोट

"हा डाग कसला?" हॅम्बुर्गच्या भारतीय कॉन्सुलेटमधल्या बाईंनी पासपोर्ट उजेडात धरला.

"लाल शाई सांडली," सुयोग म्हणाला. आईचं नाव घ्यायला जीभ रेटेना. निघताना तिने देवासमोर पासपोर्ट उघडून ओल्या कुंकवाचं बोट थेट त्याच्या फोटोच्या कपाळावर टेकवलं होतं. कडेने सुटलेल्या प्लास्टिकखाली कुंकवाचं पाणी शिरलं आणि वाटेत खालच्या आकड्यांवर पसरलं. विमानतळावर कसंबसं निभावलं, पण जहाजाच्या एजंटने मान हलवली. असला पासपोर्ट पुढच्या बंदरात चालायचा नाही, नवा काढून आण.

बाईंनी डाग नखाने खरवडून पाहिला. त्यांच्याही कपाळावर टिकली होती. काही न विचारता त्या हळूच म्हणाल्या, "नवा मिळेल. पण आठवडा तरी लागेल."

जहाज संध्याकाळी सुटणार होतं. कंपन्यांचे उंबरठे झिजवून मिळालेली ही पहिली नोकरी! तो बाहेर येऊन पायरीवर नुसता बसला. रागवायचं तरी कोणावर?

तेवढ्यात घरून फोन आला. "चढलास का रे जहाजावर?"

"नाही गं आई. पासपोर्ट नवा काढावा लागतोय. हे जहाज गेलंच." कारण त्याने गिळून टाकलं.

आई रडवेल्या आवाजात म्हणाली, "माझंच चुकलं, बाबा."

"तुझं काय चुकलं?" त्याने घाईने विचारलं.

"गडबडीत बोट पुसट टेकलं. नवा मिळाला की आधी घरी घेऊन ये. या खेपेला चांगलं ठसठशीत लावते."