गप्प माणसाची टिंबं

१९५७ साली, जपानमधल्या सादो बेटावरच्या आमच्या चौथीच्या वर्गात, कुराता बाई चौकटींच्या कागदावर संवाद लिहायला शिकवत होत्या. “कोणी उत्तर दिलं नाही, तरी त्याची ओळ गाळायची नाही. दोन चौकटींत तीन-तीन टिंबं द्यायची. गप्प बसलेला माणूसही तिथे असतोच की!” मग कालच्या जेवणाच्या वेळचं घरातलं बोलणं लिहायला सांगितलं. माझ्या शेजारच्या मिसाओचा कागद त्यांनी मोठ्याने वाचला. ‘बाबा, कधी आलात?’ पुढे सहा टिंबं. ‘एवढे भिजलात कसे?’ पुन्हा सहा टिंबं. “हिच्या बाबांच्या तोंडाला कुलूप लागलंय!” मागून हारुजी ओरडला. वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. मिसाओच्या बाबांची होडी आठ दिवसांपूर्वी माकूळ धरायला गेली होती आणि अजून परतली नव्हती. “हे मनचं लिहिलंस ना गं?” बाईंनी विचारलं. “नाही बाई. काल आले होते. मी विचारलं, ते नुसते बघत राहिले. मग तुम्ही सांगितलं तशी टिंबं दिली.” बाईंनी त्या दिवशी वर्ग तिथेच सोडून दिला. होडी कधीच आली नाही. बाईंनी पुढच्याच वर्षी बदली मागून घेतली. हारुजी न्हावी झाला, समुद्रावर गेला नाही. मिसाओ निईगाता शहरात परिचारिका झाली. तिला तो कागद आठवत नाही. तिची आई नव्वदीत गेली. शेवटच्या आजारपणात माझा हात धरून म्हणाली, “पोरीला कधी सांगितलं नाही. त्या रात्री जेवताना ह्यांना मीही पाहिलं होतं गं. पाहिलं असं कबूल केलं, तर गेलेच म्हणायचे, म्हणून पुन्हा मान वर केली नाही. ह्यांना उपाशीच पाठवलं मी.”